दुसरी पट्टी

मास्तर शिक्षक नव्हते. ते ईसीजी काढायचे. खिशात कायम सहा इंची पोलादी पट्टी, हातात कागदाची पट्टी, म्हणून कुणीतरी कधीतरी त्यांना मास्तर म्हटलं आणि ते चिकटलं. त्यांचं पगारपत्रकावरचं नाव मला माहीत होतं, कारण मी शेजारच्या रेकॉर्ड विभागात होते. पण त्या नावानं हाक मारली असती तर त्यांनी वळूनही पाहिलं नसतं.

त्यांची खोली आणि माझी खोली यांच्यामध्ये एक भिंत होती. चहाची किटली त्यांच्याकडे, कप माझ्याकडे. नोकरीच्या दुसऱ्या दिवशी ते कप मागायला आले.

"काय शिकलीस?"

"वाङ्मय."

"मग इथं काय करतेस?"

"इथं नोकरी मिळाली."

"बरं. वाङ्मय चहा घेणार का?"

तेव्हापासून मी वाङ्मय. "वाङ्मय आलं का?" "वाङ्मय आज गप्प का आहे?" हॉस्पिटलभर हे नपुंसकलिंग पसरलं. ते माझ्याहून तीस वर्षांनी मोठे होते. पण मैत्री झाली. कशी झाली ते सांगता येत नाही. दुपारी कामं थंडावली की मी त्यांच्या खोलीतल्या उंच स्टुलावर जाऊन बसायची आणि ते मला पट्ट्या दाखवायचे.

एकतीस वर्षं ते त्याच खोलीत होते. पडदा, पलंग, चाकांवरचं मशीन, भिंतीवर थांबलेलं घड्याळ. ते मुद्दाम चालू करत नसत. म्हणायचे, पेशंट पडल्या पडल्या घड्याळाकडे बघतो आणि त्याचे ठोके वाढतात. रोज सकाळी मशीनच्या तारा ओल्या फडक्यानं पुसायच्या, वेटोळं करायचं नाही, सरळ लोंबत ठेवायच्या. थंडीच्या दिवसांत पेशंटच्या छातीला लावायच्या वाट्या आधी स्वतःच्या तळहातात धरून गरम करायचे.

वॉर्डातला एक जण रोज तोच विनोद करायचा. "मास्तर, माझी पण पट्टी काढा. बायको म्हणते तुम्हाला काळीजच नाही."

"मशीन खरं सांगतं," मास्तर म्हणायचे. "उगीच लेखी पुरावा कशाला करून घेतोस?"

मला त्यांनी वाचायला शिकवलं ते असं. कागदावर बारीक चौकोन असतात. त्यांना ते घरं म्हणायचे. ठोका झाला की रेघ टोकदार वर जाते, खाली येते, आणि मग थोडा वेळ सपाट चालते. हार्ट अटॅकमध्ये ती सपाट चालत नाही. वरच राहते, पाठ वाकवून बसलेल्या मांजरासारखी. डॉक्टरांकडे त्याला इंग्रजी नाव होतं. मास्तरांच्या खोलीत त्याला चढ म्हणत. चढ किती घरं, ते पोलादी पट्टीनं मोजायचं.

आमच्या हॉस्पिटलात नस उघडायची सोय नव्हती. रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन होतं. ते दिलं की दीड तास थांबायचं आणि दुसरी पट्टी काढायची. चढ निम्म्याहून खाली आला तर रक्त पोचलं. नाही आला तर पोचलं नाही. मग वेळ न घालवता अॅम्ब्युलन्स, मोठं हॉस्पिटल, तासाभराचा रस्ता. तिथं तार घालून नस उघडतात. तिथंही पुन्हा दीड तासानं पट्टी काढतातच.

"नस उघडलेली डोळ्यांनी दिसल्यावर पट्टी कशाला?" मी एकदा विचारलं.

"बाहेरचा नळ सोडला म्हणून वरच्या मजल्यावर पाणी येतंच असं नाही. वरची बादली भरली का ते बघायला लागतं. पट्टी म्हणजे ती बादली."

"आणि पेशंट म्हणाला की दुखायचं थांबलं, तर?"

"दुखणं खोटं बोलतं. अफूची सुई टोचली की गप्प बसतं. पट्टीला अफू चढत नाही."

त्यांची एक वही होती. जाड पुठ्ठ्याची, तीन रकाने आखलेली. पहिल्या पट्टीची घरं, दुसऱ्या पट्टीची घरं, आणि तिसऱ्या रकान्यात सहा आठवड्यांनी तो माणूस तपासणीला कसा आला ते. चालत. थांबत थांबत. खुर्चीत. काही ठिकाणी नुसती आडवी रेघ. नावं नव्हती. जाड मिशा. लाकूडवाला. हसरी बाई. दुसरी पट्टी मोजून झाली की ते तिसऱ्या रकान्याच्या कोपऱ्यात पेन्सिलनं आपला अंदाज लिहून ठेवत. सहा आठवड्यांनी शाईनं खरं लिहीत.

"अंदाज चुकतो का?"

"दहांत एखादा. चुकला की बरं वाटतं."

डॉक्टर ती वही अधूनमधून मागून न्यायचे. आमचे हृदयाचे डॉक्टर एकच, चाळिशीतले, घाईतले, चांगले. नातेवाइकांशी मास्तरांनी पट्टीबद्दल बोलायचं नाही असा नियम होता आणि मास्तर तो पाळत. पण त्यांच्या तोंडून एक गोष्ट जायचीच. दुसरी पट्टी चांगली आली तर बाहेर बाकावर बसलेल्यांना ते म्हणत, "जेवून घ्या." वाईट आली तर म्हणत, "बसा." नातेवाइकांना यातलं काही कळत नसे. आम्हाला कळायचं. पुढे डॉक्टरही तसंच म्हणायला लागले.

आता माझ्या खोलीबद्दल थोडं सांगायला हवं. रेकॉर्ड विभाग तळमजल्यावर, वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर. दिवसभर कागद वर जातात, खाली येतात. फाईल चढली का. रिपोर्ट उतरला का. तीन नंबरची फाईल अजून उतरली नाही. आम्ही असंच बोलतो. मी तिथं जायच्या आधीपासून सगळे तसंच बोलत होते. चांगली भाषा आहे. मला आवडली होती.

तो मंगळवार होता. सकाळचे नऊ-सव्वानऊ. मास्तर माझ्या दारात येऊन उभे राहिले. एक हात चौकटीवर. हातात ओलं फडकं तसंच.

"वाङ्मय, जरा चल. माझी पट्टी काढायला माणूस हवाय."

मला तो विनोद वाटला. मग त्यांच्या कपाळाकडे लक्ष गेलं. पाण्यातून काढल्यासारखं होतं.

ते स्वतःच्या पलंगावर स्वतः आडवे झाले. शर्टाची बटणं स्वतः सोडली. वाट्या स्वतः लावल्या, बरगड्या बोटानं मोजत, रोज दुसऱ्यांच्या मोजायचे तशा. फक्त बटण मी दाबलं. कागद सरकत बाहेर आला. त्यांनी तो छातीवर धरला, खिशातली पट्टी काढली आणि मोजलं.

"पाच," ते म्हणाले. "डॉक्टरांना बोलव. धावू नकोस, लोक घाबरतात."

मी धावले.

डॉक्टर आले, पट्टी पाहिली. खुर्ची मागवली. लिफ्टमध्ये मास्तर त्यांना म्हणाले, "डॉक्टर, मला परत कामावर यायचंय."

"याल की. आधी सुई तर घ्या."

"सहा महिने राहिलेत निवृत्तीला. घरी बसून नाही संपवायचे मला ते. त्या खोलीत संपवायचेत."

"मास्तर, गप्प बसा."

इंजेक्शन दहाला दहा कमी असताना दिलं. मी वेळ पाहिली, कारण मास्तरांनी मान वळवून मला सांगितलं, "वेळ बघून ठेव." मोठ्या हॉस्पिटलला डॉक्टरांनी फोन करून ठेवला. अॅम्ब्युलन्स दारात उभी ठेवली. अकरा वीसला दुसरी पट्टी. तिच्यावर पुढचं सगळं ठरणार होतं. हे मला, सिस्टरला, डॉक्टरांना, मास्तरांना, सगळ्यांना माहीत होतं.

साडेदहाला काकू आल्या. मास्तरांच्या पत्नी. त्या घरी पडदे शिवायच्या. ब्लाउजला दोन सुया टोचलेल्या तशाच होत्या. मूलबाळ नव्हतं. त्या पलंगाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "डबा विसरून गेला होतात तुम्ही."

"आणलास का?"

"आणलाय."

"बाहेर ठेव. बघू."

अकरा वाजता दुखणं कमी झालं. मास्तरांचा चेहरा सैल पडला. काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. कशासाठी हलवली माहीत नाही.

अकरा दहाला तळमजल्यावर अपघात विभागात एक जण दारातच कोसळला. डॉक्टर खाली गेले. जाताना सिस्टरला म्हणाले, "पट्टी काढून माझ्या टेबलावर पाठवा." अकरा वीसला सिस्टरनं पट्टी काढली. मास्तर डोळे मिटून पडले होते. सिस्टरला तीन पलंग सोडून दुसऱ्या पेशंटनं हाक मारली. तिनं पट्टी घडी करून माझ्या हातात दिली.

"खाली नेऊन दे ग. मला सोडता येत नाही इथून."

मला पट्टी वाचता येत होती. दोन वर्षं त्या स्टुलावर बसले होते. घडी उघडून पाच आहेत की दोन ते बघायला तीन सेकंद लागली असती. मी घडी उघडली नाही. जिन्यानं खाली आले. डॉक्टरांच्या खोलीत कुणी नव्हतं. त्यांच्या टेबलावर मध्यभागी पट्टी ठेवली, उडू नये म्हणून वर काचेचं वजन ठेवलं.

बाहेर काउंटरवरचा फोन वाजला. काउंटरवरची मुलगी जागेवर नव्हती. मी उचलला.

डॉक्टर होते. मागे खूप आवाज होते. कुणीतरी आकडे मोजत होतं.

"कोण? वाङ्मय? मास्तरांची दुसरी पट्टी?"

"उतरली, सर."

"उतरली? नक्की?"

"हो, आत्ताच."

"वा. बरं झालं. मला इथं वेळ लागेल. काकूंना सांग, जेवून घ्या म्हणावं."

फोन ठेवला.

मी ती पाच-सहा वाक्यं नंतर पुष्कळदा लिहून काढली आहेत. त्यात कुणीही खोटं बोललेलं नाही. पट्टी वरून खाली आली होती. मी तेच सांगितलं. डॉक्टरांना माहीत होतं की मला वाचता येतं. त्यांनी चढाबद्दल विचारलं होतं, त्यांना चढाबद्दल उत्तर मिळालं. आणि मला वाटलं, सिस्टरनं त्यांना फोनवर आकडा आधीच सांगितला असणार, नाहीतर ते जेवून घ्या म्हणाले नसते. मी त्यांच्या शब्दावर विसंबले. ते माझ्या.

मी वर गेले. काकू बाकावर बसल्या होत्या, डबा मांडीवर.

"डॉक्टर म्हणाले, जेवून घ्या."

काकूंना या शब्दांचा अर्थ माहीत होता. मास्तर घरी सगळं सांगायचे. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. थोड्या वेळानं डबा उघडला आणि मला म्हणाल्या, "तू पण घे दोन घास." आम्ही दोघींनी मास्तरांचा डबा खाल्ला.

सिस्टरला मी सांगितलं, डॉक्टर खूश आहेत. सिस्टर म्हणाली, "देव पावला." तिनंही पट्टी मोजली नव्हती. तिनं मशीनमधून काढून घडी घातली होती. अॅम्ब्युलन्सवाला एकदा वर येऊन विचारून गेला, थांबू का जाऊ. सिस्टर म्हणाली, जा.

खाली कोसळलेला माणूस दीड वाजता गेला. डॉक्टर त्यानंतर त्याच्या घरच्यांशी बोलले, हात धुतले, आपल्या खोलीत आले. दोनला दहा कमी होते. त्यांनी मला बोलावणं पाठवलं.

पट्टी टेबलावर उघडी होती. शेजारी सकाळची पहिली पट्टी. ते उभे होते.

"तू मला फोनवर काय सांगितलंस?"

"पट्टी उतरली म्हणून."

"पट्टी?"

"पट्टी. वरून खाली."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. एखादं वाक्य पुन्हा वाचावं तसं.

"मी चढाचं विचारत होतो," ते म्हणाले. मग पट्टी उचलून दाराकडे गेले, आणि जाता जाता, मला नव्हे, कुणालाच नव्हे, म्हणाले, "पाचचे पाच आहेत."

अॅम्ब्युलन्स परत बोलावली. दोन वीसला निघाली. मी मागे बसले नाही. जागा काकूंची होती. साडेतीनच्या सुमारास ते पोचले, चार वाजून गेल्यावर नस उघडली. तिथल्या डॉक्टरांनी चित्र दाखवलं म्हणे, नस स्वच्छ, रक्त धो धो वाहतंय. दीड तासानं त्यांनी पट्टी काढली. चार घरं होती.

नळ सुटला होता.

दहा दिवसांनी मास्तर घरी आले. हृदय तीस टक्के काम करत होतं. फाईल माझ्याकडे आली. नोंद टाईप करायचं काम माझंच. डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं एक ओळ घातली होती: दुसरी पट्टी उशिरा पाहिली गेली. कर्मणी प्रयोग. त्यात कर्ता नव्हता. मी डॉक्टरांकडे गेले आणि म्हणाले, इथं माझं नाव घाला.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "न बघता बोललो. तुझं काम पट्टी पोचवायचं होतं, ती तू पोचवलीस. टाईप कर."

मी टाईप केलं.

त्या आठवड्यात प्रत्येक फोनशेजारी एक चिठ्ठी चिकटवली गेली: पट्टीचा फक्त आकडा सांगावा. लोक वाचून विचारायचे, हे काय नवीन. कुणी काही सांगत नसे.

मास्तरांचं घर चौथ्या मजल्यावर होतं. लिफ्ट नव्हती. त्यांना खुर्चीत बसवून शेजारच्यांनी वर नेलं होतं. चढता येत नव्हतं म्हणून ते खालीच येत नसत. मी रविवारी जायची. दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांची खुर्ची, आतल्या खोलीत काकूंचं शिवणयंत्र. बोलताना मास्तर वाक्याच्या मध्ये थांबायचे. पूर्वी ते विनोदासाठी थांबायचे.

तिसऱ्या रविवारी मी त्यांना सांगितलं. काकू आत शिवत होत्या. यंत्राचा आवाज होता.

"मास्तर, त्या दिवशी डॉक्टरांचा फोन मी घेतला होता."

"मग?"

"त्यांनी विचारलं, दुसरी पट्टी. मी म्हणाले, उतरली."

"उतरलीच होती ना? टेबलावर होती."

"त्यांना वाटलं, चढ."

ते खिडकीबाहेर बघत होते. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक माणूस पाण्याच्या टाकीचं झाकण बसवत होता. बसत नव्हतं. त्यांनी ते बसेपर्यंत बघितलं.

"कुणी शिकवला तुला हा शब्द?"

"कुणी नाही. आमच्याकडे तसंच म्हणतात."

"आमच्याकडे पण तसंच म्हणतात." ते थांबले. श्वास घेतला. "वाङ्मय घेऊन पास झालीस ना?"

"हो."

"मग 'आली' म्हणता आलं असतं."

"आलं असतं."

यंत्र थांबलं. आम्हीही थांबलो. काकूंनी धागा तोडल्याचा आवाज आला. यंत्र पुन्हा सुरू झालं.

"किती वाजता फोन?"

"साडेअकरा."

"पावणेतीन तास," ते म्हणाले. मग, "नाही. अॅम्ब्युलन्स दारात होती. तेव्हाच निघालो असतो तर साडेबाराला तिथं. एकच्या आसपास नस उघडली असती. तीन तास गेले." त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. "तीन तासांत पुष्कळ जातं."

मला रडू आलं नाही. येईल असं वाटलं होतं.

"एक सांगू का तुला," ते म्हणाले. "सिस्टरनं दुसरी पट्टी काढली तेव्हा मशीन माझ्या उशाशी होतं. कागद कानाजवळून गेला. सरसर आवाज ऐकला मी. मान वळवली असती तरी दिसलं असतं. एकतीस वर्षं लोकांचं वाचलं. स्वतःचं आलं तेव्हा डोळे मिटून पडलो."

"झोप लागली होती तुम्हाला."

"टक्क जागा होतो. छातीत दुखत नव्हतं. म्हटलं, नाहीच दुखत तर कशाला बघा." ते पुन्हा थांबले. "अगदी पेशंटसारखं."

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. खांद्यावर अर्धवट शिवलेला पडदा.

"काय गुपचूप चाललंय दोघांचं?"

"वाङ्मयाचं व्याकरण तपासतोय."

"तपासा. पण आवाज चढवू नका. डॉक्टरांनी मना केलंय."

"नाही चढवत," मास्तर म्हणाले.

निघताना मी चपला घालत होते तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "हिला नको सांगूस. त्या दिवशी जेवली ना ती, ते तिला आठवत बसेल." मला माफ केलं का ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. पुढच्या रविवारी गेले तेव्हा त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "वाङ्मय चहा घेणार का?" आणि काकूंनी चहा टाकला.

सहा आठवडे झाले. तपासणीचा दिवस. शेजारच्या दोघांनी त्यांना खुर्चीवर बसवून चार जिने खाली आणलं. प्रत्येक वळणावर मास्तर त्या दोघांना म्हणत होते, "टेका जरा. घाई नाही." हॉस्पिटलात मास्तरांच्या खोलीत आता नवी टेक्निशियन होती, तारा वेटोळं करून ठेवणारी. मास्तरांनी ते बघितलं. पलंगावर आडवे झाले. या वेळी वाट्या तिनं लावल्या.

"गार आहेत," ते म्हणाले.

"सॉरी, काका."

"अगं, सांगून ठेवतोय फक्त. तळहातात धरायच्या आधी."

कागद बाहेर आला. तिनं तो थेट त्यांच्याच हातात दिला. तिला कुणीतरी सांगून ठेवलं असावं. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. खिसा चाचपला. पोलादी पट्टी घरी राहिली होती. त्यांनी अंगठ्याच्या नखानं घरं मोजली.

सहा आठवड्यांनी तिथं चढ असायला नको. असला तर तो आता जात नाही. ती जागा कमजोर होऊन फुगलेली असते, काम करत नाही. हे मला त्यांनीच शिकवलं होतं, त्याच पलंगाशी, लाकूडवाल्याची पट्टी दाखवताना.

"किती?" मी विचारलं.

"तीन." त्यांनी पट्टीची घडी घातली. "वही आहे का ग इथं?"

वही कपाटात होती. मी काढली. शेवटच्या नोंदीत त्यांच्याच अक्षरात, जरा वाकडं, लिहिलं होतं: मी, ५. मंगळवारी सकाळी, मी डॉक्टरांकडे धावले होते तेवढ्यात लिहिलं असणार. दुसरा आणि तिसरा रकाना कोरा होता. पेन्सिलचा अंदाजही नव्हता.

"लिही. दुसऱ्यात पाच."

मी लिहिलं.

"तिसऱ्यात खुर्चीत."

"थांबत थांबत लिहू का?"

"वाङ्मय, मी कसा आलो?"

मी खुर्चीत असं लिहिलं. शाईनं.

डॉक्टरांनी तपासलं, औषधं बदलली, पाणी किती प्यायचं ते सांगितलं. मास्तरांनी त्यांना काहीच विचारलं नाही. डॉक्टरांनीच शेवटी एक फॉर्म पुढे केला. उरलेल्या नोकरीबद्दल. म्हणाले, "घरी जाऊन भरा. आज नको. मी तुम्हाला हवं ते लिहून देईन, मास्तर. टेबलावरचं काम म्हणून लिहितो."

"टेबलावरचं कुठलं काम?"

"वही."

"वही संपली," मास्तर म्हणाले.

रविवारी मी गेले तेव्हा फॉर्म त्यांच्या मांडीवर होता. वरची माहिती मी भरली. जन्मतारीख, हुद्दा, किती वर्षं. नावाच्या रकान्यात त्यांचं खरं नाव लिहिलं. ते लिहिताना ओळखीचं वाटलं नाही. खाली एक ओळ छापलेली होती: कर्मचारी पुन्हा कामावर रुजू होण्यास योग्य आहे / नाही. नको तो शब्द खोडावा.

"काय करायचं?" मी विचारलं.

"दे इकडे."

त्यांनी फॉर्म खिडकीच्या कठड्यावर ठेवला. पेन उघडायला जरा वेळ लागला. मग आहे या शब्दावर एक रेघ मारली. नीट, सरळ. पट्टी न धरता. खाली सही केली. सहीनंतर श्वास परत येईपर्यंत ते मागे टेकून बसले.

काकू पाण्याचा पेला घेऊन आल्या. त्यांनी फॉर्म उलट्या बाजूनं वाचला. ओठ हलवत. पेला कठड्यावर ठेवला.

"म्हणजे आता घरीच."

"घरीच."

"दिवसभर?"

"दिवसभरच की ग. अर्धा दिवस कुठं जाणार?"

काकूंनी वर छताकडे बघितलं. पंखा बंद होता. त्याचं एक पातं वाकलेलं होतं, बरेच दिवस.

"मग हा दुरुस्त करून घ्यायला हवा," त्या म्हणाल्या. "दुपारी या खोलीत फार उकडतं. तुम्हाला माहीत नाही. तुम्ही कधी नसताच."

त्या इलेक्ट्रिशियनचा नंबर शोधायला आत गेल्या. मास्तरांनी फॉर्म माझ्याकडे दिला, आणि मी तो पिशवीत ठेवला, दुमडू नये म्हणून दोन पुस्तकांच्या मध्ये.